अकबरीचाचीचा चौथा खांब

जळगावच्या मेहरूणमध्ये असं बोललं जातं की अकबरीचाचीच्या नव्या घरात एक जिन्न राहतो आणि तो लाकूड खातो.

बरं, सगळं खात नाही. चाचीने घरासाठी चार खांब आणले की तो तीन सोडतो आणि एक खातो. आमच्या गल्लीतल्या लताबाई ही गोष्ट सांगायला लागल्या की आवाज इतका खाली नेतात की ऐकणाऱ्याला खुर्ची पुढं ओढावी लागते. "अगं, संध्याकाळी होता. सकाळी पाहते तर नाही! खाली भुसासुद्धा नाही गं." मग डोळे मोठे. मग एक मोठा श्वास. आणि मग एकदम खणखणीत, "थांब, माझं दूध उतू गेलं वाटतं!"

आता खरं काय ते सांगते. आमची गॅलरी चाचीच्या वखारीच्या बरोबर समोर आहे, त्यामुळे मला दिसतं. जिन्न वगैरे कोणी नाही. असता तर चाचीने त्याला पहिल्याच दिवशी खिळे उपसायला बसवलं असतं. चौथा खांब जातो तो दिवसाढवळ्या, गिऱ्हाइकाच्या टेम्पोतून, आणि टेम्पो चढावर अडला तर मागून ढकलायला चाची स्वतः असते. त्या "खाल्लेल्या" खांबांपैकी एक तर लताबाईंच्याच जिन्याखाली उभा आहे. त्याला त्या रोज तुळशीसारखं पुसतात.

चाचीची वखार जुन्या लाकडाची. खान्देशात कुठं धाब्याचं घर उतरवायला काढलं, म्हणजे ते मातीच्या सपाट छपराचं, लाकडी खांबांवर उभं राहणारं घर, की चाची तिथं हजर. खांब, तुळया, तुळयांवरच्या आडव्या कड्या, दारं, सगळं घेऊन यायचं, खिळे काढायचे, माती झाडायची आणि ज्याला पाहिजे त्याला द्यायचं. हे काम आधी तिचे मिस्टर नूर महंमद करायचे. ते वारल्यावर चाचीला सगळ्यांनी सांगितलं, वखार विकून टाक, हा बायकांचा धंदा नाही. चाची सांगते, "मी म्हटलं ठीक आहे, विकते. मग गिऱ्हाईक आलं. त्याने वाकडा खांब उचलला. मला राहवलं नाही. म्हटलं, ठेव तो, आंधळ्या, हा घे. बस. त्या दिवसापासून मी इथंच."

चाचीचं लाकूड निवडणं हा बघण्यासारखा प्रकार आहे. आधी ती खांबाच्या एका टोकाशी उकिडवी बसते आणि एक डोळा मिटून दुसऱ्या टोकापर्यंत बघते, बाक आहे का, पीळ आहे का. मग हातोडीचा दांडा टोकावर वाजवते आणि लगेच कान लावते. मग बुडाशी जाऊन नखाने टोकरते, कारण लाकूड सडतं ते बहुतेक पायाकडून. आणि हे सगळं चालू असताना तोंड चालू. "हा आळशी आहे, याला आडवाच घाल, उभा केलास तर झोपेल." "हा बघ, पीळ बघ, हा भांडखोर. दर पावसाळ्यात तुझ्या दाराशी भांडेल." एकदा एका साहेबांना म्हणाली, "हा घेऊ नका. वरून कडक आहे, आत कोणी बसलेलं नाही." साहेब कुठल्याशा ऑफिसातले होते. त्यांना वाटलं ती लाकडाबद्दल बोलत नाहीये.

आणि दुसऱ्यासाठी निवडायचं असेल तर सगळं कसं फटाफट. हा, हा, हा, आणि तो कोपऱ्यातला. चहा यायच्या आत निवड झालेली. स्वतःच्या घराची वेळ आली की मात्र चाचीचं गाडं अडतं.

वखारीच्या मागं तिची जागा आहे. तिथं तीन बाजूंनी विटांच्या भिंती उभ्या राहून इतकी वर्षं झाली की एका भिंतीत कबुतरांच्या किती पिढ्या वाढल्या ते कबुतरांनाच माहीत. समोरची बाजू उघडी. तिथं ओसरी व्हायची आहे, आणि ओसरी चार खांबांवर. खांबांखालचे दगड बसवून तयार आहेत. पत्रे एका बाजूला रचून ठेवलेत. नाहीत ते खांब. तोवर चाची आणि तिचा मुलगा नईम वखारीच्या कोपऱ्यातल्या पत्र्याच्या खोलीत राहतात. मे महिन्यात त्या खोलीत अंडं फोडलं तर गॅस लावायची गरज नाही.

खांब मिळत नाहीत असं नाही. मिळतात. चाची खूप शोधून, सारख्या उंचीचे, सारख्या जाडीचे चार साग जमवते. मग एखादं गिऱ्हाईक येतं. वखारीत दुसरं कितीही लाकूड असलं तरी त्याचा डोळा नेमका त्या चारांवर जातो. चाची म्हणते, "ते माझे आहेत, विकायचे नाहीत." गिऱ्हाईक हळूच म्हणतं, "असू दे, चाची. तरी मी घरी म्हटलंच होतं, चांगलं लाकूड बघायचं तर अकबरीचाचीच्या डोळ्यानेच." झालं. चाची विरघळते. तिला पैशांचा मोह नाही, दागिन्यांचा नाही. पण "तुझा डोळा" एवढे दोन शब्द ऐकले की ती घरातली दारंसुद्धा काढून देईल. वर स्वतःची समजूत घालते, "एकच गेला ना. तीन आहेत. चौथा काय, मिळेल."

चौथा मिळतो. पण तो त्या तिघांच्या जोडीचा नसतो. मग ते तिघे हळूहळू जातात आणि पुन्हा पहिल्यापासून.

नईमभाई गेट आणि ग्रिल बनवतो. त्याचं वेल्डिंगचं दुकान आहे. त्याचा एक ठरलेला शब्द आहे आणि तो त्याच्या बहुतेक बोलण्याच्या शेवटी येतो. या वर्षी थंडी पडायला लागली तशी एके दिवशी त्याने आईसमोर जाऊन सांगितलं, "अम्मी, मोतीलाल मिस्त्रीशी बोललोय. तो येत्या शुक्रवारी येतोय. तुझे चार खांब उभे राहिले तर ठीक. नाही राहिले तर शनिवारी तो सळया बांधेल आणि सिमेंटचे कॉलम ओतेल. सिंपल."

"सिमेंट?" चाचीने हा शब्द असा उच्चारला जसा आपण दुसऱ्याच्या डब्यात झुरळ बघून उच्चारतो.

"नाहीतर पाइप. मी स्वतः वेल्डिंग करून देतो. रंग मारून. सिंपल."

"अरे नईम, तेरा लोखंड तेरे पास रख! या गावात निम्म्या ओसऱ्या माझ्या लाकडावर उभ्या आहेत, आणि मी पाइपाखाली बसू? लोक काय म्हणतील, अकबरीला स्वतःसाठी चार खांब नाही मिळाले?"

"लोक आता काय म्हणतायत ते ऐकलंस का? म्हणतायत जिन्न आहे. मला स्थळ सांगून येणारे लोक गल्लीच्या तोंडावरून परत गेले, अम्मी. आणि आले असते तर बसवलं कुठं असतं? कड्यांच्या ढिगावर?"

 चाचीने गॅसवरचा चहा उतरवला, नईमभाईसमोर ठेवला आणि खिडकीतून बाहेर त्या चार दगडांकडे बघत राहिली.  मग म्हणाली, "शुक्रवार म्हणजे शुक्रवार. उद्या गाडी काढ. धुळ्याला जायचंय."

धुळ्याला देवपुरात माझी मावशी राहते, म्हणून मीही गाडीत बसले. पिकअपमध्ये पुढं तिघं, मधे मी. पारोळ्यापर्यंत चाची सिमेंटला शिव्या देत होती. पारोळ्यानंतर लोखंडाला.

देवपुरात पांझरा नदीच्या बाजूला एक मोठं घर उतरवलं होतं आणि त्याचं लाकूड रतिलाल नावाच्या व्यापाऱ्याने उचललं होतं. रतिलालशेठ गुजरातीकडे झुकणारं मराठी बोलतात आणि प्रत्येक वस्तूला सोनं म्हणतात. "या या अकबरीबेन! हे बगा. सोनं आहे सोनं. सागाचे खांब, शंभर टक्के सोनं."

चाचीने पहिल्या खांबावर दांडा वाजवला. "ऐका शेठ. सोनं असं वाजतं? हा तर भोपळा वाजतोय."

"आत थोडंसं..."

"आत थोडंसं काहीच नाही, तेच तर सांगतेय."

दुसऱ्या खांबाला वरून खालपर्यंत बारीक भेगा होत्या. मला वाटलं, हा गेला. पण चाचीने त्यावर असा हात फिरवला जसा म्हशीच्या पाठीवर फिरवतात. "या वरच्या भेगा. वय झालं की आपल्याला पण पडतात. हा चालेल." तिसरा दिसायला एकदम गुळगुळीत, पण टोकाला एकच तडा होता. तो तडा दुसऱ्या अंगालाही दिसत होता. "हा नको. याचं हाड मोडलंय. याच्यावर छप्पर ठेवलं तर हा मधोमध उभा चिरेल." रतिलालशेठ म्हणाले, "बेन, तुम्ही तर सोन्यात पण खोट काढता." चाची म्हणाली, "म्हणूनच अजून पत्र्याखाली राहते."

मग ती ढिगावर चढली. अक्षरशः चढली, सलवार वर खोचून. खालचं लाकूड वर, वरचं बाजूला, नईमभाई घामाघूम, रतिलालशेठ "बेन सांभाळून, बेन सांभाळून" करत भोवती फिरतायत. दुपार कलेपर्यंत तिने तीन खांब काढून ठेवले. चौथा सापडेना. एक आखूड, एक बारीक, एकाच्या पोटात मोठी गाठ. नईमभाईने घड्याळ बघितलं. चाचीने त्याला घड्याळ बघताना बघितलं. आणि मग ढिगाच्या अगदी तळाशी, दाराच्या फळ्यांखाली दबलेला एक सापडला. मातीने इतका माखलेला की लाकूड आहे की पाइप ते कळेना. चाचीने त्यावर दांडा मारला.

टण्ण.

असा आवाज की रतिलालशेठसुद्धा सोनं म्हणायचं विसरले.

परतताना पारोळ्याला चहाला थांबलो. चाची इतकी खूश होती की तिने टपरीवाल्यालाही त्याच्या टपरीचा बांबू कुठं कच्चा आहे ते फुकट सांगून टाकलं. मला मात्र तिचा इतिहास माहीत होता. मी म्हटलं, "चाची, चौथा जाणार."

"काय?"

"चौथा खांब. शुक्रवारच्या आत कोणीतरी येणार, तुझ्या डोळ्याचं कौतुक करणार आणि खांब जाणार."

"चल हट."

"लाव पैज."

"लाव! शुक्रवारी सूर्य बुडून मगरिबची अजान व्हायच्या आत चारही खांब उभे. नाही राहिले तर अख्ख्या गल्लीला भरीत-पुरी माझ्याकडून. आणि राहिले तर चारही खांबांना अळशीचं तेल तू चोळायचं. एकटीने. वरपासून खालपर्यंत."

नईमभाई चहात बिस्कीट बुडवत म्हणाला, "रूपा, भरीत तिखट सांग. सिंपल." म्हणजे त्याचंही मत माझ्याच बाजूला होतं.

बुधवार कोरडा गेला. कोणी आलं नाही. चाचीने चारही खांब धुतले, पुसले आणि बुडखा कुठला, शेंडा कुठला ते पाहून प्रत्येकाच्या बुडख्यावर गेरूची खूण केली. झाड जसं उभं होतं तसाच खांब उभा राहायला पाहिजे, बुडखा खाली आणि शेंडा वर. आमच्याकडे हिंदू असो, मुसलमान असो, घर बांधणारा कोणीही हे मोडत नाही. उलटा खांब घराला पचत नाही म्हणतात.

गुरुवारी दुपारी वखारीसमोर एक टेम्पो थांबला आणि मी गॅलरीत उडी मारली.

एरंडोलच्या पुढच्या एका गावचे मगनभाऊ आणि त्यांची बायको ताईबाई आले होते. कापसाची शेती, धाब्याचं घर. मगनभाऊ टोपी हातात घेऊन आत आले. "अक्का, मना धाबाना मधला खांब उधईनी खाई टाका. बठ्ठा पोकळ व्हई गया." उधई म्हणजे वाळवी. मधला खांब गेला म्हणजे डोक्यावरची सगळी माती कधीही खाली.

ताईबाई म्हणाल्या, "पोरं, म्हशी, आम्ही, बठ्ठा गोठामा झोपतस व माय. आते काय करानं?"

चाचीने वखारीतले इकडचे तिकडचे खांब दाखवले. ताईबाईंनी ते बघितलेच नाहीत. त्यांची नजर त्या चार धुतलेल्या सागांवर चिकटली होती. मी मनातल्या मनात पुऱ्या लाटायला घेतल्या. आणि ताईबाई बोलल्या, "धुयापासून जयगावलोंग तुना डोयाना नाव शे, अक्का. तू जो देशी तो आम्ही आंख मिचीन लेसूत."

तुना डोया, म्हणजे तुझा डोळा. संपलं.

चाचीचा चेहरा लोण्यासारखा झाला. ती उठली, चौथ्या खांबापाशी गेली, त्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "ने."

मी गॅलरीतून ओरडले, "भरीत!"

चाचीने वर बघितलं. तेवढ्यात दुकानातून नईमभाई आला, वेल्डिंगचा चष्मा कपाळावर, हाताला काजळी. त्याने मगनभाऊंकडे बघितलं, खांबाकडे बघितलं, आणि आईवर रागावलाच नाही. नुसतं म्हणाला, "अम्मी, एक विचारू? माझ्याकडे तुटकं गेट आलं तर मी आधी बघतो कुठं तुटलंय. तू इतक्या वर्षांत कोणाला विचारलंस का, जुन्या खांबाचं नेमकं काय झालंय?"

चाची मग मगनभाऊंकडे वळली. "मगनभाऊ, उधईने खांब कुठवर खाल्ला?"

"खाले खाले. मातीमाईन वर चढनी."

"वरती?"

"वर तर कडक शे. मी कुऱ्हाड मारी तर कुऱ्हाड मांगे उनी."

"आणि खाली दगड आहे का खांबाला?"

"नहीं. आबानी मातीमाच गाडेल शे."

चाचीने कपाळावर हात मारला. "या अल्लाह! अहो, मग खांब मेला नाही. त्याचा पाय सडलाय. पाय बदला, बाकी माणूस धडधाकट आहे!" आणि तिने वखारीच्या दारातला तो मोठा दगड, ज्यावर येणारी गिऱ्हाइकं बसून चहा पितात, पायाने हलवून दाखवला. "हा घेऊन जायचा. उंच आहे. सडलेला तुकडा कापायचा, खाली हा बसवायचा. उधई दगडावर चढली तर दिसेल तरी. झाडून टाकायची."

ताईबाई मात्र हिरमुसल्या. नवा साग डोळ्यांसमोरून गेला होता. "म्हंजे तू नही देशी?"

हा खरा प्रसंग. मी माझ्या उभ्या आयुष्यात चाचीला कोणाला "नाही" म्हणताना ऐकलं नव्हतं. तिने घसा खाकरला. मग जमिनीकडे बघत, शाळेत कविता विसरलेल्या पोरासारखी म्हणाली, "नाही. हा माझा आहे, ताईबाई. पण तुझा खांब मी स्वतः येऊन उभा करते. नाही राहिला तर हा तुझा."

ताईबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "चाल मग," म्हणाल्या. "भाकर मनाकडेच खाय."

नईमभाईने दुकान बंद केलं, ट्रकचे जॅक घेतले, आणि आम्ही सगळे मगनभाऊंच्या गावाला गेलो. तिथं जे झालं ते मी थोडक्यात सांगते, कारण मी बराच वेळ डोळे मिटून उभी होते. आधी तुळईच्या दोन्ही बाजूंना जाड टेके दिले. मग नईमभाईने जॅक फिरवला, अगदी सावकाश, आणि वरचं छप्पर असं कण्हलं की मगनभाऊंनी खंडेरायाला हाक मारली आणि चाचीने बिस्मिल्ला म्हटलं, दोघं एकाच वेळी. खांबावरचा भार निघाला. चाचीने नखाने टोकरत टोकरत जिथं लाकूड पक्कं लागलं तिथं रेघ मारली. नईमभाईने करवत चालवली. खालचा तुकडा हातात आला तर तो तुकडा नव्हताच, मातीने भरलेली पिशवी होती. जुना खड्डा बुजवून, ठोकून, त्यावर दगड बसवला. जॅक सैल केला. खांब दगडावर टेकला आणि गप्प उभा राहिला.

चाचीने त्यावर दांडा वाजवला. मगनभाऊंनी वाजवला. ताईबाईंनी लाटणं आणून वाजवलं. "शे बुवा," म्हणाल्या, "कडक शे." त्या रात्री त्यांनी गोठ्यातल्या गोधड्या घरात आणल्या, आणि आम्ही कळण्याची भाकरी आणि ठेचा खाऊन परत आलो. गाडीत चाची नईमभाईला म्हणाली, "जॅक चांगला फिरवलास." नईमभाई म्हणाला, "हं." दोघांच्याही हिशेबाने हे फार मोठं भाषण होतं.

शुक्रवारी नमाजनंतर मोतीलाल मिस्त्री दोन माणसं घेऊन आले. मोतीलाल मिस्त्रींच्या तोंडात कायम तंबाखू असतो आणि ते थुंकायचा कंटाळा करतात, त्यामुळे त्यांचं सगळं बोलणं मान वर करून, फक्त स्वरांमध्ये चालतं. "आं आं ओ?" म्हणजे "खांब कुठंय हो?" गल्ली जमली. लताबाई पहिल्या ओळीत. चाचीने खांबांना अत्तर लावलं, फातिहा पढली, साखर वाटली. एका खांबाला लताबाईंनी हळदीकुंकूही लावून टाकलं. चाची म्हणाली, "लाव, लाव, त्याला काय कळतंय."

पहिला उभा राहिला. दुसरा. तिसरा. ओळंबा सोडून बघितला, सरळ. मी भरीताची आशा सोडली. मग चौथा उभा केला, टेके लावले, आणि मोतीलाल मिस्त्री म्हणाले, "आं आं आं!" म्हणजे झालं. टाळ्या पडल्या.

नईमभाई मात्र थोडं मागं जाऊन, डोकं तिरकं करून बघत होता. "अम्मी," तो म्हणाला, "हा उलटा आहे."

"काय बोलतोस? खूण मी केलीय. गेरू खाली आहे."

"गेरू खाली आहे. पण बाकी तिन्ही खाली जाड आणि वर बारीक. हा वर जाड आहे. थोडासाच, पण आहे."

"तुला काय कळतं? तू लोखंडवाला!"

"लोखंड तर दोन्हीकडून सारखंच असतं, अम्मी. म्हणून तर मला हे दिसलं."

 चाची तावातावाने खांबाजवळ गेली. मधे एक जुनी गाठ होती, तुटलेल्या फांदीची. तिने त्या गाठीवर बोट ठेवलं आणि बोट वरून खाली असं फिरवलं. मग पुन्हा फिरवलं. झाडाची फांदी वर जाते. ही फांदी खाली चालली होती. अख्ख्या खान्देशात जिच्या डोळ्याचं नाव, तिने स्वतःच्याच घराचा खांब डोक्यावर उभा केला होता. पोटापर्यंत माती बसलेला तो खांब धुताना ती इतकी आनंदात होती की बघितलंच नाही.

मला वाटलं आता ती रडणार. लताबाईंनी तर पदर तयार ठेवला होता. पण चाची हसायला लागली. आधी खांद्यातून, मग पोटातून, मग त्या खांबालाच धरून. "अरे बघा रे! माझा पोरगा लाकूड ओळखायला लागला! मोतीलाल, काढ तो. काढ! उलट कर!"

मोतीलाल मिस्त्री पहिल्यांदाच थुंकले. "आता? सूर्य चाललाय, चाची. उद्या करू."

"उद्या नाही!" असं चाची ओरडली, आणि "उद्याच!" असं मी ओरडले. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "म्हणजे मिस्त्री दमले असतील."

चाचीने माझ्याकडे असं बघितलं की मी आमच्या गॅलरीकडे बघायला लागले. नईमभाईने बाह्या वर केल्या. तो, मोतीलाल मिस्त्री, त्यांची दोन माणसं आणि साखर खायला आलेली निम्मी गल्ली, सगळे त्या खांबाला लागले. टेके सोडले, खांब आडवा केला, फिरवला. मशिदीच्या भोंग्यातून खरखर आवाज आला, म्हणजे मौलाना माइक तपासत होते, आणि माझा जीव भांड्यात पडायच्या बेतात होता. तेवढ्यात नईमभाईने "हैय्या!" केलं आणि खांब दगडावर ठक्कन बसला. ओळंबा सोडला. दोरी हलली, डुलली, थांबली. सरळ.

मग अजान झाली.

शनिवारी सकाळी अळशीच्या तेलाचा डबा आणि जुन्या धोतराचा तुकडा माझ्या हातात होता. चाची खाट टाकून समोर बसली होती, हातात चहा, आणि जिथं हात पोचला नाही तिथली जागा ती लांबून बरोबर शोधत होती. "तिथं. नाही, तिथं नाही, वर. अगं, लाकूड पितंय, त्याला पाज, नुसतं पुसू नको." पहिला खांब पुरा होईपर्यंत माझी बोटं तेलकट, केस तेलकट, आणि नाकाला अळशीचा वास असा बसला की तो आजही जात नाही.

दुसऱ्या खांबाला सुरुवात केली तेव्हा नईमभाई दुकानात जाता जाता थांबला. त्याने बाजूला पडलेलं कापड उचललं आणि डब्यात बुडवलं.

"तू कशाला?" चाची ओरडली. "पैज तिची होती. एकटीने!"

"मीपण हरलोच की, अम्मी," नईमभाई म्हणाला. "सिमेंटवर पैज लावली होती मी. सिंपल."

चाचीने चहाचा घोट घेतला. बराच वेळ विचार केला, किंवा केल्यासारखं दाखवलं. "ठीक आहे," ती म्हणाली. "मग तू खालून लाव. ती वरून."

मी नईमभाईच्या खांद्यालाही लागत नाही. हे दोघांनाही माहीत होतं. शिडी आणायला मीच गेले.